पट्ट्या, तार आणि साखळी : स्लॅब रोलरच्या दुरुस्तीचा मागोवा

मळलेल्या मातीचा गोळा दोन रुळांमधल्या, किंवा रूळ आणि सपाट पाट यांच्यामधल्या, फटीतून काढून एकसारख्या जाडीचा थर लाटणारे यंत्र म्हणजे स्लॅब रोलर. चौकोनी भांडी, टाइल्स, ट्रे, भित्तिशिल्पे अशा चाकावर न घडणाऱ्या वस्तूंना हा थर लागतो. टेबल, रूळ, हँडल आणि जाडी ठरवण्याची काही सोय एवढाच या यंत्राचा पसारा. गेल्या अर्धशतकात त्याचे जे प्रकार रूढ झाले, त्यांनी आधीच्या प्रकारातले काही दोष घालवले आणि काही नवे आणले. म्हणून एखाद्या स्टुडिओतला रोलर बिघडतो तेव्हा तो कोणत्या घडणीचा आहे हे ओळखले की निम्मे निदान होते.

यंत्र येण्यापूर्वी थर हातानेच लाटला जाई. मातीच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणे त्यांवर टेकेपर्यंत फिरवायचे, ही रीत अजूनही चालते. जपानमध्ये ‘तातारा’ नावाची दुसरी रीत आहे. तिच्यात मातीच्या ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्यांची चळत रचतात, ताणलेली तार त्या चळतींवरून ओढून एक थर कापतात, मग दोन्हीकडची एकेक पट्टी काढून पुढचा थर कापतात. या साध्या पद्धतींतच दोन मूळ दोष दिसतात. पट्ट्या सारख्या नसल्या की थर डावीकडे एका जाडीचा आणि उजवीकडे दुसऱ्या जाडीचा होतो. तार सैल असली की मध्यभाग आणि कडा यांच्या जाडीत फरक पडतो. पुढच्या सगळ्या यंत्रांत हेच दोन दोष वेगवेगळ्या कारणांनी पुन्हा भेटतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मातीकामाचे स्वरूप पालटले. पीटर व्हॉल्कस १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कलाशाळेत शिकवू लागले आणि त्यांच्याभोवतीच्या कलावंतांनी भांड्याच्या मापाबाहेरची शिल्पे घडवायला सुरुवात केली. अशा कामाला मोठे थर लागतात, आणि वर्गातल्या प्रत्येकाने ते हाताने लाटायचे तर वेळ आणि मनगट दोन्ही खर्ची पडतात. कलाशाळांच्या छपाई विभागात एचिंग प्रेस होताच. जड पोलादी रूळ, त्याखालून सरकणारा पाट आणि मध्ये फेल्टचा थर अशी त्याची रचना असते. स्लॅब रोलरची रचना तिच्या अगदी जवळची आहे. फेल्टच्या जागी कॅनव्हास आला आणि कागदाच्या जागी माती. १९७० च्या दशकापर्यंत स्टुडिओसाठी तयार यंत्रे विकत मिळू लागली होती.

या सुरुवातीच्या घडणीचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रेंट कंपनीची एसआर मालिका. तिच्यात जाडी पाटांच्या संख्येवर ठरते. रुळाची उंची कायम असते. खाली हार्डबोर्डचे पाट वाढवले की फट कमी होते, काढले की वाढते. ताताराच्या पट्ट्यांचाच हा यांत्रिक अवतार. ओढण्याचे काम पोलादी तारदोर करतात. स्क्रू नसल्यामुळे माप हलत नाही, हा या घडणीचा मोठा गुण. पण सारी अचूकता पाटांवर येऊन पडते. मेसोनाइट या नावाने ओळखला जाणारा हार्डबोर्ड विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल इथे शोधला. तो लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा असतो आणि पाणी लागले की कडेपासून फुगतो. एक कोपरा फुगलेला पाट थराला त्याच बाजूने पातळ करतो आणि दोष मात्र रुळावर ढकलला जातो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे हमखास घडते. पाटांच्या कडांना व्हार्निश लावणे, ते आडवे आणि कोरडे ठेवणे, चारही कोपरे व्हर्नियरने मोजणे आणि फुगलेला पाट सरळ बाद करणे हाच उपाय.

तारदोराचे दुखणे वेगळे. तो वापराने लांबतो आणि पुलीवर वारंवार वाकून त्याचे धागे तुटू लागतात. दोन बाजूंचा ताण असमान झाला की हालचाल तिरकी होते आणि कॅनव्हास एका अंगाला सरकतो. एकच दोर बदलला तर नवा आणि जुना वेगवेगळे ताणले जातात, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत. टोक यू-क्लॅम्पने बांधताना क्लॅम्पचे खोगीर ताण घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर बसवावा. उलट बसवल्यास ताणाचा दोरच चेपला जातो.

पुढचा प्रश्न ओढीचा होता. एकाच बाजूने ओढ मिळाली की मातीचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या गतीने सरकतो, रुळापुढे लाट जमते आणि कॅनव्हासला सुरकुत्या पडतात. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनच्या बेली कंपनीच्या यंत्रांत वरचा आणि खालचा असे दोन्ही रूळ चालवले जातात, ते यासाठीच. तरीही रूळ एका फेरीत किती जाडी कमी करू शकतो याला मर्यादा असते. पोलाद लाटण्याच्या शास्त्रात ती मर्यादा घर्षणांकाचा वर्ग गुणिले रुळाची त्रिज्या अशी मांडतात. घर्षणांक ०.४ आणि रुळाचा व्यास ७५ मिमी धरला तर उत्तर ६ मिमी येते. माती पोलादाइतकी नियमबद्ध नसली तरी अंदाज उपयोगी आहे. ५० मिमीचा गोळा एकदम १० मिमीच्या फटीत कोंबला की रूळ घसरतो, हँडलवर जोर वाढतो आणि शेवटी हँडलला शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू सैल होतो किंवा त्यांना जोडणारी ‘की’ कापली जाते. गोळा आधी हाताने थापून पुढची कड पाचरीसारखी करणे आणि जाडी टप्प्याटप्प्याने उतरवणे हा दुरुस्तीचा खर्च वाचवणारा मार्ग आहे.

स्क्रूने जाडी बदलणारी यंत्रे सोयीची ठरली, कारण पाट उचलून ठेवण्याचा खटाटोप गेला. पण आता डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल दोन स्क्रूंवर आला. अनेक यंत्रांत हे स्क्रू एका साखळीने जोडलेले असतात. स्क्रूचा आटा २ मिमीचा आणि साखळीच्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, २० दाते असतील, तर साखळी एक दात सरकल्याने दोन बाजूंत ०.१ मिमीचा फरक पडतो. चार दात सरकली तर तो डोळ्यांना दिसू लागतो. समतोल तपासताना रिकामी फट मोजून भागत नाही, कारण बेअरिंगमधला सैलपणा भार आल्यावरच उघड होतो. एकाच मातीच्या दोन सारख्या पट्ट्या रुळाच्या दोन टोकांना ठेवून एकदम लाटाव्यात आणि मग मोजाव्यात. स्क्रूच्या आट्यातही थोडा मोकळेपणा असतो, म्हणून हवे ते माप नेहमी फट बंद करत करतच गाठावे.

रूळ फिरवणारी साखळी वेगळी. हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये घडवलेल्या बुश-रोलर साखळीचीच ती वंशज. अशी साखळी लांबते ती पिना झिजल्यामुळे. १२.७ मिमी पिचच्या साखळीचे २४ दुवे नव्याने ३०४.८ मिमी भरतात. ताणून मोजल्यावर ते ३११ मिमीच्या आसपास गेले की झीज २ टक्क्यांची झाली आणि साखळी बदलायची वेळ आली.

रुंद यंत्रांची मागणी वाढली तसा मध्यभागाचा दोष परत आला. पूर्ण रुंदीभर माती असताना रुळाचा बाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. तोच रूळ ६०० ऐवजी ९०० मिमी लांब केला तर बाक सुमारे पाच पट होतो आणि थर मध्ये जाड राहतो. स्क्रू फिरवून हा दोष जात नाही. जाड भिंतीचा, मोठ्या व्यासाचा रूळ हे कारखान्यातले उत्तर; स्टुडिओत मऊ माती, अरुंद थर आणि जास्त फेऱ्या.

काही तक्रारींत यंत्र निर्दोष असते. थरावर वळ उठतात ते बहुधा कॅनव्हासच्या सुरकुतीचे किंवा त्यात वाळलेल्या मातीच्या खड्याचे. भट्टीत टाइल वाकते त्यामागे अनेकदा एकाच दिशेने लाटणे असते. मातीचे चपटे कण त्या दिशेने रांगेत बसतात आणि आक्रसणे दोन दिशांना सारखे राहत नाही. प्रत्येक फेरीनंतर थर काटकोनात फिरवून उलटला की हा ताण बराच कमी होतो.

धुळीकडे पाहण्याची दृष्टी अलीकडे कडक झाली. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये श्वासात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम अशी ठरवली. कोरडा कॅनव्हास झटकणे किंवा यंत्र झाडणे यामुळे हीच धूळ हवेत जाते; ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे योग्य. यंत्रालाही हे मानवते. या धुळीतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्स मापावर ७, म्हणजे साध्या पोलादापेक्षा जास्त. उघड्या गिअरवर थापलेल्या ग्रीसमध्ये क्वार्ट्झचे कण बसले की त्याची कानस होते. म्हणून उघड्या दात्यांना कोरडे ग्रॅफाइट, पितळी बुशांना थेंबभर तेल आणि सीलबंद बेअरिंगला काहीच नाही, अशी विभागणी ठेवतात.

भारतात बाहेरून आणलेल्या यंत्रांबरोबर स्थानिक कारखान्यांत बनवून घेतलेले रोलरही चालतात. त्यांचे सुटे भाग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत क्रमांकावरून मिळतात. ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग कुठल्याही कंपनीचे असो, त्याचे आतले भोक २० मिमीच असते. अडचण येते ती अमेरिकी यंत्रात, कारण पाऊण इंची शाफ्ट १९.०५ मिमीचा असतो आणि २० मिमीच्या बेअरिंगमध्ये तो खुळखुळतो. खरेदीपूर्वी शाफ्ट मोजणे म्हणूनच आवश्यक.

या साऱ्यातून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठरतो. आधी कॅनव्हास आणि माती, मग पाट किंवा स्क्रूचा समतोल, मग दोर अथवा साखळीचा ताण, त्यानंतर ग्रब स्क्रू आणि की, आणि शेवटी बेअरिंग व रूळ. यंत्र मोटरवर चालणारे असेल तर या प्रत्येक पायरीआधी वीजजोडणी काढून ठेवावी लागते.