चिखलावरची फुलपाखरे, थव्यातले पक्षी

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून तेथील जंगल मुख्यतः पानझडी आहे. पक्षी पाहायला पहाटच बरी. एखादे झाड अचानक गजबजते, शेजारचे मात्र सुनेच राहते. कारण सुभग, गोमेट, वटवटे असे निरनिराळ्या जातींचे कीटकभक्षी पक्षी मिळून हिंडतात. त्यांनी हुसकावलेले किडे भृंगराज हवेतच टिपतो. तो इतरांचे आवाजही हुबेहूब काढतो. नवखे हमखास फसतात.

फुलपाखरे ऊन चढल्यावर उडतात, कारण उडण्याचे स्नायू आधी तापावे लागतात. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर बसणारे बहुधा नर असतात. पानांत आणि मधुरसात सोडियम तुटपुंजे. मातीतून शोषलेले सोडियम मीलनाच्या वेळी मादीकडे जाते व अंड्यांत उतरते. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉनही असेच चिखलावर उतरते.