पीयूसी ‘पास’, तरी टेम्पो काळा धूर का सोडतो?

सातपाटी बंदरातून मासळी आणि बर्फ भरलेला डिझेल टेम्पो पालघरच्या दिशेने निघतो. चढ आला की मागून काळा लोट. मागचा दुचाकीवाला नाकाला रुमाल लावतो. टेम्पोवाल्याकडे पीयूसी मागा, तो लगेच दाखवेल. मुदत शिल्लक, निकाल ‘पास’. कागद खोटा असेलच असं नाही. आधी तो नक्की काय मोजतो, ते बघू.

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून मुख्यतः दोन गोष्टी मोजतात: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि धूर किती प्रकाश अडवतो ते यंत्र सांगतं. बीएस-४ आधीच्या डिझेल गाड्यांना २.४५ पर्यंत सूट आहे, बीएस-४ ला १.६२.

आता टेम्पोचा विचार करा. चाचणीच्या वेळी तो उभा आहे. पाठीवर ना मासळीचे टब, ना बर्फ. इंजिनावर खरा ताण पडतो तो रस्त्यावर, आणि तिथे यंत्र नसतं. नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसीत मोजलेच जात नाहीत. फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कणही मोजले जात नाहीत. म्हणून नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीने नव्या डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कण मोजणारं यंत्र आणलं. आपल्याकडे धुराचा काळेपणाच बघतात.

मग खरी परीक्षा कुठे होते?

गाडी बाजारात येण्याआधी. मॉडेलला मंजुरी देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक म्हणजे पुण्यातली एआरएआय. तिथे गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करतात आणि निघालेला वायू गोळा करून दर किलोमीटरला किती ग्रॅम काय बाहेर पडलं ते काढतात. पुढे उत्पादन सुरू झाल्यावरही नमुने तपासले जातात. पीयूसीपेक्षा ही परीक्षा कितीतरी कडक. पण पेपर आधीच माहीत असेल तर?

२०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार शेवरोले टवेरा परत मागवल्या. हो, तीच टवेरा, जिच्यात दाटीवाटीने बसून अनेकांनी प्रवास केलाय. कंपनीच्याच काही कर्मचाऱ्यांनी तपासणीच्या गाड्यांमध्ये कमी प्रदूषण करणारी निवडक इंजिनं बसवली होती. तपासलेली गाडी एक, विकलेली दुसरी.

दोन वर्षांनी फोक्सवॅगनचं प्रकरण अमेरिकेत उघड झालं. तिथे गाडीतलं सॉफ्टवेअरच चाचणी ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. एआरएआयने कंपनीच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत घेऊन दुरुस्त करण्याची घोषणा केली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. त्याच्या वसुलीसाठी सक्तीची कारवाई करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने नंतर सांगितलं.

याचा धडा म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून चारचाकींना लागू झालेली रस्त्यावरची चाचणी. गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून ती खऱ्या वाहतुकीत चालवतात. पण नियम नव्या मॉडेलना आहे. सातपाटीच्या रस्त्यावरचा जुना टेम्पो आयुष्यभर पीयूसीच्याच भरवशावर.

आणि पीयूसी तरी नीट होते का? कॅगच्या दिल्लीवरच्या अहवालानुसार, २०१५ ते २०२० या काळात १ लाख ८ हजारांहून जास्त गाड्यांना मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषण असूनही प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे यंत्राने ‘नापास’ सांगितलं तरी कागद निघाला! इकडे पीयूसी नसेल, तर मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बोईसर-तारापूर पट्ट्यात टेम्पोच्या धुराची चर्चा किरकोळ वाटेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. त्यात हवेबरोबर पाणी आणि जमीनही मोजली जाते. पण चिमणीचा धूर वर जातो. सायलेन्सरचा धूर बाजारात बसलेल्या मासळीवालीच्या नाकासमोरच सुटतो.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं, तर पीयूसीची मुदत परिवहनच्या साइटवर दिसते. कागदावर फक्त ‘पास’ बघू नका, आकडा बघा. मागच्या वेळेपेक्षा तो वाढत असेल, तर एअर फिल्टर आणि इंजिन दाखवून घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही.

बंदरातल्या बोटींची डिझेल इंजिनं मात्र या सगळ्यातून सुटतात. मोटार वाहन नियम रस्त्यावरच्या वाहनांसाठी आहेत, बोटीला पीयूसी लागत नाही.