मराठी कानी पडावी म्हणून

जबलपुरातील मराठी मूल शाळेत हिंदी शिकते. देवनागरी येत असल्यामुळे त्याला मराठीही वाचता येईल, असे आपण धरून चालतो. परंतु शाळेच्या हिंदीत ‘ळ’ नाही; आणि ‘चहा’ व ‘चमचा’ यांतील ‘च’चा भेद लिपी दाखवीत नाही. तो कानानेच शिकावा लागतो.

म्हणून पहिली पुस्तके मांडीवर घेऊन वाचून दाखवावीत. चार-पाच वर्षांच्या बालकास माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ द्यावे. त्यातील चित्रेही त्यांचीच आहेत. दहाव्या वर्षी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ साहसाच्या ओढीने मुलाला स्वतः वाचावयास लावील. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ रात्रींत विभागलेली आहे. रोज एक रात्र सर्वांनी मिळून वाचावी. पंधराव्या वर्षी प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ (१९९४) द्यावे. कानडी शब्दांच्या सहवासात मराठी बोलणारा त्यातील लंपन नर्मदाकाठच्या मुलाला सोबती वाटेल.

मूल स्वतः वाचू लागले तरी मोठ्याने वाचण्याचा परिपाठ मोडू नये. घराबाहेर त्याच्या कानी मराठी क्वचितच पडते.