कानांनी पाहावयाचे नाटक

मुलांनो, नाटक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? रंगमंच, वर सरकणारा पडदा, रंगविलेले चेहरे आणि दिव्यांचा लखलखाट. परंतु असेही एक नाटक आहे, की ज्याला ना पडदा लागतो, ना रंगमंच, ना वेशभूषा. ते डोळे मिटून पाहिले तरी चालते. किंबहुना डोळे मिटले म्हणजेच ते अधिक चांगले दिसते. या नाटकाला श्रुतिका अथवा नभोनाट्य असे म्हणतात. श्रुती म्हणजे ऐकणे. जी ऐकावयाची, ती श्रुतिका.

माझे बालपण नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात एका लहानशा खेड्यात गेले. १९७२ च्या दुष्काळाचे ते दिवस होते. घरोघरी रेडिओ नव्हते. ज्यांच्याकडे होते, त्यांना त्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा एक रेडिओ होता. तिन्हीसांजा झाल्या की पिंपळाच्या पाराभोवती घोंगड्या अंथरल्या जात आणि थकले-भागलेले लोक तेथे येऊन बसत. परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झाले होते आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत असे. बातम्या, बाजारभाव, शेतीची माहिती आणि भजने मोठी माणसे ऐकत. आम्हा मुलांचे कान मात्र श्रुतिकेकडे लागलेले असत.

श्रुतिकेत काहीच दिसत नाही. मग दृश्य कसे उभे राहते? याचे उत्तर जगातील अगदी पहिल्या नभोनाट्यांपैकी एकाने देऊन ठेवले आहे. १९२४ सालच्या जानेवारी महिन्यात लंडनच्या बी.बी.सी.वरून रिचर्ड ह्यूजेस या लेखकाचे ‘डेंजर’ हे छोटेसे नाटक सादर झाले. ह्यूजेसने मोठी युक्ती केली. त्याने आपली पात्रे कोळशाच्या खाणीत नेली आणि तेथले दिवे घालविले! आता खाणीतील माणसांना काही दिसत नव्हते आणि घरी बसलेल्या श्रोत्यांनाही काही दिसत नव्हते. अंधार दोघांचा एकच झाला. जी उणीव वाटत होती, तीच त्याने नाटकाची शक्ती बनविली.

श्रुतिका तीन गोष्टींनी घडते : शब्द, ध्वनी आणि शांतता. पात्र मायक्रोफोनच्या जवळ येऊन हळू बोलले, की ते आपल्या कानाशी बोलते आहे असे वाटते; दूर उभे राहून बोलले, की ते अंगणापलीकडे गेले असे वाटते. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या, की घोडा दौडू लागतो. पत्र्याचा मोठा तुकडा हलविला, की ढग गडगडतात. चुरचुरणारा पातळ कागद मुठीत चुरगळला, की आग पेटते. आणि बोलता बोलता सारेच थांबले, की श्रोत्यांच्या छातीत धडधड सुरू होते. कारण शांतता हाही श्रुतिकेत एक आवाजच असतो.

हा आवाज आपल्यापर्यंत येतो कसा, हेही समजून घ्या. बोलणाऱ्याच्या आवाजाने हवेत कंप उत्पन्न होतात. मायक्रोफोन त्या कंपांचे विजेच्या स्पंदनांत रूपांतर करतो. ती स्पंदने रेडिओ लहरींवर स्वार होऊन उंच मनोऱ्यावरून चहूकडे जातात आणि आपल्या घरचा रेडिओ त्यांचा पुन्हा आवाज करतो. हवेतून आवाज एका सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. रेडिओ लहरी मात्र एका सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. परभणीहून नांदेड सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर आहे. हे अंतर तोडण्यास त्या लहरींना एका सेकंदाचा पाच हजारावा भागच पुरे होतो. नाट्यगृहात ३४ मीटर दूर बसलेल्या प्रेक्षकास नटाचा आवाज ऐकू येण्यास मात्र सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे मायक्रोफोनपुढे उच्चारलेला शब्द नाट्यगृहातील शेवटच्या रांगेआधी नांदेडच्या श्रोत्यापर्यंत पोहोचू शकतो! आणि एक गंमत पाहा. दिवसा न लागणारी दूरदूरची केंद्रे रात्री खरखरत का होईना, पण लागत. सूर्यास्तानंतर आयनांबर नावाच्या वातावरणातील उंच थरावरून या मध्यम लहरी परावर्तित होऊन पुष्कळ लांब जातात, त्याचा हा परिणाम होय.

आता विज्ञानकथेकडे वळू. दुसऱ्या ग्रहावरचे नगर रंगमंचावर उभे करावयाचे तर केवढा खर्च येईल! परंतु श्रुतिकेत ‘आपण मंगळावर उतरलो’ असे एका पात्राने म्हटले आणि मागे वाऱ्याचा घोंघाट झाला, की तांबडा मंगळ प्रत्येकाच्या मनात विनामूल्य तयार होतो. म्हणूनच विज्ञानकथा आणि नभोवाणी यांची मैत्री फार लवकर जमली. १९५३ साली बी.बी.सी.वर चार्ल्स चिल्टन यांची ‘जर्नी इन्टू स्पेस’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात मनुष्य १९६५ साली चंद्राकडे निघतो, अशी कल्पना होती. त्या काळी इंग्लंडमध्ये दूरदर्शन संच झपाट्याने वाढत होते. तरीसुद्धा संध्याकाळी दूरदर्शनपेक्षा अधिक श्रोते मिळविणारा तेथील नभोवाणीचा अखेरचा कार्यक्रम म्हणून या मालिकेची नोंद झाली. प्रत्यक्षात मनुष्य चंद्रावर उतरला तो १९६९ साली. कल्पना केवळ चार वर्षांनी चुकली!

याच मैत्रीचा एक निराळा धडाही आहे. १९३८ सालच्या ऑक्टोबरची ३० तारीख. अमेरिकेत ऑर्सन वेल्स या तरुण नटाने एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीवरून मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य सादर केले. त्याची रचना बातम्यांसारखी होती. संगीत चालू आहे, ते मध्येच थांबते, निवेदक घाईघाईने सांगतो की न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल या गावी आकाशातून काहीतरी पडले आहे! ज्यांनी प्रारंभीची सूचना ऐकली नव्हती, अशा काही श्रोत्यांना ते खरेच वाटले व ते घाबरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सारा देश भयभीत झाल्याचे मोठ्या मथळ्यांनी छापले. परंतु पुढे अभ्यासकांनी तपास केला, तेव्हा ती घबराट सांगितली गेली त्याहून पुष्कळच लहान होती असे आढळले. म्हणजे काहींनी नाटकाला बातमी मानले, आणि अनेकांनी बातमीतील अतिशयोक्तीला सत्य मानले! कानांवर पडेल ते सारेच खरे नसते. ऐकावे, पण पारखून घ्यावे.

पारखण्याची सवय आम्हाला लागली ती श्रुतिकेवरच्या वादांतून. एका रात्री परग्रहावरून आलेल्या प्राण्याची श्रुतिका लागली होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या विहिरीपाशी आमची सभा भरली. एक म्हणाला, “तो प्राणी हिरवा होता.” दुसरा म्हणाला, “छे! रेड्यासारखा काळाकुट्ट होता.” तिसऱ्याने त्याला चार हात दिले. वाद हातघाईवर आला, तेव्हा गुरुजी तेथे आले. त्यांनी सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “अरे, तुम्ही सगळेच बरोबर आहात. लेखकाने त्या प्राण्याला फक्त आवाज दिला होता. देह तुम्ही दिलात. नाटकातील निम्मे काम तुम्ही स्वतः केले आहे.”

इतक्यात मागे उभ्या असलेल्या एका अबोल मुलाने विचारले, “गुरुजी, आकाशात हवा नाही ना? मग ते यान फुटल्याचा धडाका ऐकू कसा आला?” आम्ही सारे गप्प झालो. गुरुजींचा चेहरा मात्र उजळला. काचेच्या बंद भांड्यात घंटा वाजत ठेवली आणि आतील हवा काढून घेत गेले, तर घंटा हलताना दिसते पण तिचा नाद क्षीण होत जातो, हा प्रयोग त्यांनी आम्हाला समजावून सांगितला. आवाजाला प्रवास करण्यास हवा, पाणी किंवा एखादा घन पदार्थ लागतो. निर्वात अंतराळात तो पसरू शकत नाही. मग नुसत्या आवाजावर चालणाऱ्या नाटकाने निःशब्द अंतराळ दाखवावे तरी कसे? यावर आमची आठवडाभर चर्चा चालली. शेवटी त्याच मुलाने तोड काढली : श्रोत्यांना यानाच्या आत बसवावे. आत हवा असते; तेथे यंत्राची घरघर ऐकू येते, श्वास ऐकू येतो. आणि बाहेर काही फुटले, तर ते ऐकवू नये. खिडकीपाशी उभ्या असलेल्या पात्राला ते सांगू द्यावे. त्या एका प्रश्नाने आम्हाला विज्ञानही शिकविले आणि नाट्यही.

मराठी श्रोत्यांना नभोवाणीचे हे वेड जुनेच आहे. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून आठवड्यामागून आठवडे गीतरामायण प्रसारित झाले. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेतील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे श्रोत्यांना आपल्या शेजारचेच वाटत. विज्ञानकथाही मराठीत रुजली. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. तिच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी आपले नाव झाकून, टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि ती पहिली आली. पुढे १९९१ साली आकाशवाणी आणि राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद यांनी मिळून ‘मानव का विकास’ ही मालिका सुरू केली. मानवाच्या उत्क्रांतीची ती कहाणी १४४ भागांची होती व देशातील अठरा भाषांतून ऐकविली गेली. सुमारे एक लाख मुलांनी तिचे श्रोते म्हणून नावे नोंदविली होती.

त्या वेळी मी लातूर जिल्ह्यात शिक्षक होतो. माझ्या वर्गातील मुले रेडिओवरच्या विज्ञानाच्या गोष्टी ऐकून येत व दुसऱ्या दिवशी त्यांवर भांडत. ती भांडणे मला आमच्या विहिरीपाशी घेऊन जात. मी काही भाग कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूस मुलांची चर्चाही मुद्रित केली. पुढे स्नेहसंमेलनासाठी गाणी उतरवून घ्यावयाची होती, कोरी कॅसेट हाताशी नव्हती, म्हणून मी तीच वापरली. एका घटकेत सारे पुसले गेले. त्या मुलांचे आवाज आता कोठेही नाहीत. चूक माझीच होती आणि ती मी आजही विसरलो नाही.

अशी चूक मोठमोठ्या संस्थांकडूनही झाली आहे. ‘डॉक्टर हू’ ही काळातून प्रवास करणाऱ्या एका विलक्षण पुरुषाची मालिका बी.बी.सी.ने १९६३ साली दूरदर्शनवर सुरू केली. त्या काळी चित्रफिती महाग असत; म्हणून जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. अशा रीतीने पहिल्या सहा वर्षांतील कित्येक भागांची चित्रे नाहीशी झाली. परंतु आश्चर्य असे, की हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक राहिला! तो संस्थेने नव्हे, तर चाहत्यांनी राखला. काही मुलांनी व तरुणांनी घरी बसून, संचाजवळ टेप रेकॉर्डर ठेवून, ते भाग स्वतःच्या आवडीने मुद्रित करून ठेवले होते. पुढे त्याच ध्वनिमुद्रणांना निवेदनाची जोड देऊन ती प्रसिद्ध करण्यात आली. जे पाहण्यासाठी घडविले होते, ते शेवटी कानांनी पाहावयाचे नाटक झाले. ज्यांना कोणी हे काम सांगितले नव्हते, त्यांच्या हातून ते घडले.

मुलांनो, आज नांदेडलाही आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि ध्वनिमुद्रण करणारे यंत्र तर मोबाइलच्या रूपाने घरोघरी आले आहे. मग एक काम करा. पाचसहा जण मिळून एक लहानशी श्रुतिका लिहा. करवंट्या, पत्रा, कागद गोळा करा आणि दिवा मालवून ती आपल्या आईवडिलांना ऐकवा. नंतर त्यांना काय काय दिसले ते विचारा. प्रत्येकाचे उत्तर निराळे येईल, त्याने गोंधळू नका; तेथेच तुमचे यश आहे. आणि घरातील आजी-आजोबांच्या गोष्टी, ओव्या, जुन्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवा. ऐकणे ही एक कला आहे. ऐकलेले पारखणे हे शहाणपण आहे. परंतु ऐकलेले पुढच्यांसाठी राखून ठेवणे, हे कर्तव्य आहे.