छडीचा धाक

शिक्षकाच्या हातातील छडी कायद्याने काढून घेतली, त्यालाही आता बराच काळ लोटला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अमलात आहे. परंतु कायद्याने छडी मोडता येते, छडीवरची श्रद्धा मोडता येत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तिघांपैकी सुमारे दोन मुलांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. हा मार केवळ शिक्षकांच्या संतापातून आलेला नव्हता. "गुरुजी, बदडून काढा, पण वळण लावा," असे सांगणारे पालक त्याच्या पाठीशी होते, आणि आजही आहेत. त्यातून मुलगा असला की त्याने रडायचेही नाही!

आम्ही स्वतः काही वर्षे शिक्षकी पेशात काढली आहेत; म्हणून हे लिहिताना आमची मान ताठ नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा नेहमी शेजाऱ्याच्या वहीत पाहून गणिते उतरवी. आम्ही त्याच्या हातावर छड्या मारल्या. एकदा नव्हे, अनेकदा. त्याने चकार शब्द काढला नाही. पुढे कळले, की त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते! त्याला हवा होता चष्मा. आम्ही दिली छडी. "तुला दिसत नाही का रे?" एवढे विचारण्यास कितीसा वेळ लागला असता?

धाकाचा खरा दोष हाच. त्याने वर्ग शांत होतो, पण मुलाचे तोंड बंद होते. आणि ज्याचे तोंड बंद झाले, त्याची अडचण शिक्षकाला कळायची कशी? असा मुलगा शिस्त शिकत नाही, लपविणे शिकतो. आणि मोठा झाल्यावर आपल्याहून दुबळ्यावर हात उगारणे, हाच अधिकार असे समजतो.

वर्गात मुलांची खेचाखेच असता शिक्षकाने प्रत्येकाकडे कसे पाहावे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्याच कायद्यात आहे: प्राथमिक वर्गांत तीस, उच्च प्राथमिक वर्गांत पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. ते प्रमाण पाळणे हे शासनाचे कर्तव्य. आणि हात उगारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे, हे शिक्षकाचे.