मोहिनीची भूमिका आणि कमलाबाई गोखले

पार्श्वभूमी

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला स्त्री मिळाली नव्हती. दादरला तयार झालेल्या या चित्रपटानंतर फाळक्यांनी आपला सारा सरंजाम नाशिकला हलवला. त्र्यंबकेश्वर हे त्यांचे जन्मगाव. ‘मोहिनी भस्मासुर’ हा पुढचा चित्रपट नाशिकमध्ये घडला आणि त्यात भारतीय पडद्यावर प्रथमच स्त्रियांनी कामे केली. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर त्यांची साधारण तेरा वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली. पुढे ती कमलाबाई गोखले या नावाने ओळखली गेली.

भूमिकेचे स्वरूप

ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म व्हावा, असा वर मिळालेल्या असुराला विष्णू मोहिनीरूपाने नृत्यात गुंतवतो. तिचे अनुकरण करता करता असुराचा हात स्वतःच्याच मस्तकावर जातो. म्हणजे कथेचा निर्णायक क्षण संवादात नसून हालचालीत आहे. मूकपटासाठी याहून सोयीचे कथानक सापडणे कठीण. शिवाय मोहिनी हे पुरुषदेवतेने घेतलेले स्त्रीरूप. पुरुषांनी स्त्रिया रंगवण्याच्या काळात नेमकी हीच भूमिका एका मुलीकडे यावी, हा योगायोग विलक्षण आहे. त्याच १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली होती आणि रंगभूमीवरील स्त्रीसौंदर्याचा आदर्श एक पुरुष नट होता.

चित्रीकरणाची रीत

कॅमेरा हाताने फिरवावा लागे आणि प्रकाश सूर्याचा असे. सावल्या उजळण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून सरस्वतीबाई फाळके उन्हात उभ्या राहत; फिल्म धुण्याचे कामही त्या करत. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटत असल्यामुळे रंगभूषेचा विचार नाटकापेक्षा वेगळा करावा लागे. गाणे आणि शब्द हे नाटकातील नटीचे मुख्य बळ. ते येथे निरुपयोगी होते. उरत होते डोळे, हात आणि चाल. लहानपणापासून रंगमंचावर वावरलेल्या कमलाबाईंकडे ही शिदोरी होती.

हॉलिवूडशी तुलना

पडद्यावरच्या चेहऱ्याला जाहिरातीत नाव मिळण्याची प्रथा अमेरिकेतही नवीनच होती. बायोग्राफ कंपनी कलावंतांची नावे जाहीर करत नसे. १९१० मध्ये कार्ल लेमली यांनी तिथली नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिला आपल्या कंपनीत आणून तिच्या नावाचा मोठा गाजावाजा केला. १९१५ मध्ये फॉक्सच्या थीडा बाराने पुरुषाला भुलवून नष्ट करणारी स्त्री पडद्यावर लोकप्रिय केली. म्हणजे नाशिकची मोहिनी तिच्याआधीची. फरक यंत्रणेचा होता. थीडा बाराचा जन्म सिनसिनाटीचा. फॉक्सच्या प्रचारकांनी मात्र तो इजिप्तमध्ये झाल्याचे पसरवले आणि त्या दंतकथेवर चित्रपटांमागून चित्रपट विकले. फाळक्यांच्या घरगुती कारखान्यात प्रेक्षक येत ते देवादिकांच्या चमत्कारांसाठी. तेथे तारका घडवण्याचा विचार नव्हता आणि तिला सलग काम देण्याइतका पैसाही नव्हता. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका पुन्हा साळुंक्यांनीच केल्या. पहिल्या अभिनेत्रीमुळे वाट उघडली, पण ती लगेच वहिवाटीची झाली नाही.

पुढील कारकीर्द

कमलाबाई रंगभूमीवर परतल्या. तेथील नट रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या अकाली निधनानंतर मुलांना वाढवण्याचा भार त्यांच्यावर पडला. अभिनय ही त्यांच्यासाठी उपजीविका होती आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा खरा मोठेपणा या दीर्घ, अखंड श्रमात आहे. बोलपट आल्यावर त्या चरित्रभूमिकांतून पडद्यावर पुन्हा दिसल्या. ‘गहराई’ (१९८०) पर्यंत हे काम चालू राहिले. पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांनी हाच व्यवसाय पुढे नेला. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला.

अवशेष

मूकपटांची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते आणि काळानुसार विघटितही होते. १९३७ मध्ये फॉक्सच्या साठ्याला लागलेल्या आगीत थीडा बाराचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. ‘मोहिनी भस्मासुर’चीही प्रत उपलब्ध नाही. याउलट फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) चा बराच भाग टिकला आहे. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी, म्हणजे येथे उलट मुलीने मुलाची भूमिका केली आहे. फाळक्यांच्या काळातील बालनटीचा अभिनय अभ्यासायचा तर आज हा चित्रपट हाताशी आहे.