आधी खूण, मग निवड
क्रीडाछायाचित्रणातल्या एका साध्या सोयीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ट्वेन्टी-२० सामन्याच्या एका डावात १२० चेंडू असतात. सेकंदाला २० फ्रेम टिपणारा कॅमेरा हातात असेल आणि फोटोग्राफरने प्रत्येक चेंडूला अर्धाच सेकंद बटण दाबून ठेवलं, तरी चेंडूमागे १० फ्रेम होतात. डावाच्या १२०० आणि सामन्याच्या २४००. फिल्मच्या रोलमध्ये ३६ फ्रेम मावत, म्हणजे एका संध्याकाळचे हे साठावर रोल झाले. क्रीडा पानाला त्यातले लागतात दोन, फार तर तीन. ते वेळेत हुडकता यावेत म्हणून कॅमेऱ्यातच खूण करायची सोय असते. एक लॉक, म्हणजे फोटोवर किल्लीचं चिन्ह येतं. दुसरी रेटिंग, म्हणजे एक ते पाच तारे. कॅननने २०१२च्या फाइव्ह डी मार्क थ्रीवर तर रेटिंगसाठी वेगळं बटणच दिलं. तरीही ही सोय कधीच न वापरणारे फोटोग्राफर आहेत, आणि वापरून पस्तावलेलेही आहेत. दोघांच्या तक्रारींच्या मुळाशी एकच घोळ दिसतो: खुणेला निवड समजलं जातं. पुस्तकाचं पान आपण दुमडतो तेव्हा त्या पानावर निकाल देत नाही, इथे परत यायचंय एवढंच नोंदवतो. कॅमेऱ्यातली खूण या दुमडलेल्या पानासारखी आहे. हे ध्यानात घेतलं की पुढचे गैरसमज एकेक करून सुटत जातात.

गैरसमज : खूण करायची म्हणजे मैदानावरच सर्वोत्तम फोटो शोधायचा.

वस्तुस्थिती : मैदानावर सर्वोत्तम फोटो शोधणं जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. सेकंदाला २० फ्रेम टिपल्या, तर एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत तो सुमारे १.९ मीटर सरकलेला असतो. टप्पा पडल्यावर वेग कमी होतो हे धरलं, तरी पहिल्या फ्रेममध्ये चेंडू बॅटपर्यंत पोचलेला नसतो आणि दुसरीत तो यष्ट्यांवर आदळून गेलेला असतो. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेला अल्फा नाइन थ्री सेकंदाला १२० फ्रेम टिपतो. तिथे हे अंतर ३२ सेंटिमीटरवर येतं खरं, पण चाळायच्या फ्रेमही सहापट होतात. या शेजारशेजारच्या फ्रेममधला फरक बारीक असतो: बेल खोबणीतून नुकती सुटली आहे की हवेत गेली आहे, फलंदाजाचे डोळे दिसतात की कोपराआड गेलेत. तो फरक कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसतच नाही. निकॉन झेड नाइनचा फोटो ४५७ लाख पिक्सेलचा असतो आणि त्याची स्क्रीन २१ लाख ठिपक्यांची. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून एक पिक्सेल होतो, म्हणजे स्क्रीनचे पिक्सेल सातच लाख. पूर्ण फोटो पाहताना दर पासष्ट पिक्सेलमागे एकच आपल्या डोळ्यापर्यंत येतो. एवढ्या चित्रात किंचित हललेला चेहराही लख्ख वाटतो. फोटो मोठा करून फोकस तपासावा, जरूर तपासावा. पण त्यातून फोकस बसतोय की घसरतोय एवढंच समजतं, चाळीस फ्रेममधली सरस कोणती हे समजत नाही. म्हणून त्या मालिकेतली नेमकी फ्रेम शोधत बसायचं नाही. शेवटची फ्रेम समोर येते, तिलाच खूण करायची. ‘तो झेल इथे आहे’ एवढं त्या खुणेने सांगितलं की तिचं काम झालं. नेमकी फ्रेम मोठ्या स्क्रीनवर निवडता येते.

गैरसमज : खुणा करण्याच्या नादात पुढचा क्षण हुकतो.

वस्तुस्थिती : हा आक्षेप निराधार नाही. प्रत्येक चेंडूनंतर मान खाली घालून स्क्रीन न्याहाळण्याची खोड, फोटोग्राफर जिला चिम्पिंग म्हणतात, ती खरोखरच महागात पडते. विकेट पडल्यावर तर कॅमेरा खाली येताच कामा नये, कारण गोलंदाजाची धाव, क्षेत्ररक्षकांचा घोळका आणि परत निघालेल्या फलंदाजाचा चेहरा हेच बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीचं पान असतं. पण दोष खुणेचा नाही, ती कधी केली याचा आहे. प्रत्येक खेळाला आपापली उसंत असते. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० सामन्यांत २०२४ पासून कायम झालेल्या नियमानुसार षटक संपल्यावर ६० सेकंदांच्या आत पुढचं सुरू करावं लागतं. म्हणजे वेळकाढूपणाला लगाम घातल्यावरही फोटोग्राफरला दर षटकामागे मिनिटभराची जागा उरतेच. कबड्डीत तशी चैन नाही. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, आणि ती संपल्यावर दुसऱ्या संघाला ५ सेकंदांत आपला चढाईपटू पाठवावा लागतो. तिथे चढाईगणिक खुणा करणारा पुढची पकड घालवणारच. त्याने टाइमआउटची, किंवा वीस मिनिटांच्या सत्रानंतरच्या मध्यंतराची वाट पाहावी, आणि अगदीच सामना फिरवणारी सुपर टॅकल झाली तर तेवढीच लगोलग खूण करावी. करायला लागतं तरी किती? प्लेचं बटण दाबलं की शेवटचा फोटो समोर येतो, दुसऱ्या बटणाने तो लॉक होतो, आणि शटर अर्धं दाबलं की कॅमेरा पुन्हा तयार. मिररलेस कॅमेऱ्यात हे सगळं व्ह्यूफाइंडरमध्येच दिसत असल्याने डोळाही हलवावा लागत नाही. सरस फ्रेम शोधत बसलं तर याला अर्धं मिनिट लागतं; पान दुमडायचं म्हटलं तर दोन सेकंद पुरतात.

गैरसमज : खुणा करत बसण्यापेक्षा वाईट फोटो जागीच उडवलेले बरे.

वस्तुस्थिती : आधी नुसती मेहनत मोजू. २४०० फ्रेममधल्या ४० कामाच्या असतील, तर खूण करणाऱ्याला ४० वेळा बटण दाबावं लागतं आणि उडवणाऱ्याला २३६० फोटोंचा निकाल लावावा लागतो. पण खरा मुद्दा चुकीच्या किमतीचा आहे. चुकून केलेली खूण काढता येते. चुकून उडवलेला फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने कधी परत मिळतो, कधी नाही. आणि सामना चालूच असेल तर त्याच मोकळ्या जागेवर नवे फोटो लिहिले जाण्याची शक्यता वाढते. शिवाय फोटोचं मोल नेहमी टिपताना कळतंच असं नाही. याचा सर्वांत गाजलेला दाखला खेळाच्या नव्हे, राजकारणाच्या मैदानातला आहे. टाइम साप्ताहिकाचे छायाचित्रकार डर्क हॅल्स्टेड यांनी १९९६ मध्ये एका कार्यक्रमात बिल क्लिंटन गर्दीतल्या एका तरुणीला मिठी मारताना टिपले होते. तेव्हा त्या फ्रेममध्ये कुणाला काही विशेष वाटण्याचं कारणच नव्हतं. १९९८ मध्ये त्याच तरुणीचं, मोनिका लुइन्स्कीचं, नाव जगभर झालं, तेव्हा हॅल्स्टेड यांच्या जुन्या स्लाइड चाळून ती फ्रेम शोधून काढली गेली आणि ती टाइमच्या मुखपृष्ठावर झळकली. ते फिल्मवर काम करत होते म्हणून फ्रेम उरली होती. खेळातही हेच आहे. आज राखीव बाकावर बसलेला मुलगा पाच वर्षांनी कर्णधार असू शकतो. रोलच्या काळात संपादक कॉन्टॅक्ट शीटवर मेणाच्या लाल पेन्सिलीने पसंतीच्या फ्रेमभोवती चौकट आखत. उरलेली निगेटिव्ह कात्रीने कापून टाकत नसत. ती रीत डिजिटलमध्येही सोडण्याचं कारण नाही.

गैरसमज : लॉक केलेला फोटो सुरक्षित असतो, आणि खूण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

वस्तुस्थिती : पस्तावणारे बहुतेक इथेच फसतात. लॉक म्हणजे मेमरी कार्डावरच्या फाइलला लावलेली ‘फक्त वाचा’ अशी पाटी. कॅमेऱ्यातल्या ‘सर्व फोटो काढून टाका’ या आज्ञेला ती पाटी अडवते. फॉरमॅटला अडवत नाही. फॉरमॅट एकेका फाइलकडे पाहतच नाही, कार्डावरची सगळी मांडणीच नव्याने करतं. मग फोटो लॉक केलेले असोत वा नसोत, सगळे जातात. ‘लॉक केलेत, आता निर्धास्त’ म्हणत कार्ड फॉरमॅट करणाऱ्याने हा फरक पाठ करून ठेवावा. तारे ही आणखी निराळी गोष्ट. ते फोटोच्या माहितीत, म्हणजे मेटाडेटात लिहिले जातात आणि फोटो जिथे जाईल तिथे सोबत जातात. त्यामुळे सॉफ्टवेअर कुठली खूण वाचतं यावर सगळं ठरतं. वृत्तछायाचित्रकारांच्या आवडत्या फोटो मेकॅनिकला लॉक समजतं, आणि कार्डावरून फक्त लॉक केलेलेच फोटो उतरवून घे असंही त्याला सांगता येतं. लाइटरूम कॅमेऱ्यात दिलेले तारे दाखवतं, लॉकची मात्र दखल घेत नाही. म्हणजे सामनाभर इमानेइतबारे लॉक करून कुणी थेट लाइटरूम उघडलं तर एकही खूण दिसणार नाही, आणि खुणा पुसल्या गेल्या असं त्याला वाटेल. त्या पुसल्या गेलेल्या नसतात, वाचणारा चुकीचा असतो. आणखी एक गंमत: लॉक केलेली फाइल संगणकावरही लॉक राहू शकते आणि मग बदल साठवताना अडून बसते. उपाय सोपा आहे. पहिल्या महत्त्वाच्या सामन्याआधी घरीच दहा फोटो काढावेत, त्यातल्या तीन फोटोंना खूण करावी आणि ती संगणकावर उमटते का हे पाहावं. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जात असतील, तर खूण दोन्हींवर होते की एकाच, हेही तेव्हाच तपासावं.

गैरसमज : ही गरज मोठ्या एजन्सीवाल्यांची, बाकीच्यांना घाई कसली?

वस्तुस्थिती : ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत मोठ्या एजन्सीचे फोटोग्राफर कॅमेऱ्याला केबल जोडून बसतात आणि फोटो थेट संपादकांच्या टेबलावर पोचतात, हे खरं. पण त्यांच्यामागे निवड करायला, कापायला, फोटोओळ लिहायला माणसं असतात. जिल्ह्याच्या गावी कबड्डी किंवा खो-खोची स्पर्धा टिपणारा फोटोग्राफर ही सगळी कामं एकटा करतो. त्याला खुणेची गरज जास्त आहे, कमी नाही. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो, आणि लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती सामन्याच्या निकालासाठी थांबत नाही. पान सोडायच्या वेळी पहिल्या डावातला एक बरा फोटो हातात लागतो; सामन्यातला सर्वोत्तम फोटो मग शहर आवृत्तीत येतो. इथे खुणेचा दुसरा उपयोग कळतो: ती स्मरणाला आधार देते. तीन तासांनंतर एकाच जर्सीतल्या अकरा खेळाडूंच्या दोन हजार फ्रेम समोर येतात, तेव्हा कुठला झेल कितव्या षटकातला हे आठवत नाही आणि फोटोओळीत नाव चुकतं. ज्या कॅमेऱ्यांत आवाजाची नोंद करता येते, त्यांत खुणेसोबत ‘चौदावं षटक, डीप मिडविकेट’ एवढं बोलून ठेवलं तरी रात्रीचं निम्मं काम झालेलं असतं.

गैरसमज : आता निवड सॉफ्टवेअर करेल, मग खुणांची गरज काय?

वस्तुस्थिती : फोटो चाळणारी नवी सॉफ्टवेअर मिटलेले डोळे ओळखतात, हललेली फ्रेम बाजूला काढतात, एकसारख्या फ्रेमचे गट पाडतात. हे काम ती माणसापेक्षा वेगाने करतात आणि करावंच. पण फ्रेममध्ये जे नाही ते त्यांना ठाऊक नसतं. शेवटच्या चढाईत मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर रोखलेला हात आणि पहिल्या मिनिटाला तसाच रोखलेला हात, दोन्ही फोटो यंत्राला सारखेच चांगले दिसतात. त्यातल्या एकाने सामना गेला, हे मैदानावर बसलेल्या माणसाला माहीत असतं. खूण ही माहिती फोटोला चिकटवते. यावर कुणी म्हणेल की इतक्या फ्रेम घेताच कशाला? नेम धरून मोजक्या घ्या, खुणाही नकोत आणि यंत्रही नको. २९ जुलै २०२४ रोजी ताहितीत, पॅरिस ऑलिंपिकच्या सर्फिंगमध्ये, लाटेवरून बाहेर पडून हवेत ताठ उभा वाटणारा गॅब्रिएल मेदिना एएफपी वृत्तसंस्थेच्या जेरोम ब्रुइये यांनी टिपला, तो चारच फ्रेममधून. संयमाचं मोल त्यातून नक्कीच दिसतं. पण मेदिना लाटेआडून बाहेर येणार याचा अंदाज बांधून ब्रुइये तयार बसले होते. कबड्डीत सात बचावपटूंच्या साखळीत पकड कोण करणार याचा असा अंदाज दर वेळी बांधता येत नाही, म्हणून फ्रेम वाढतात आणि खुणा लागतात.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मैदानावरचा उत्साह फसवा असतो. जो फोटो मिळवायला फार धडपड झाली तो आपल्याला उगाच मोठा वाटतो, आणि सहज मिळालेला सुंदर फोटो खुणेविनाच राहतो. हे खरंच आहे, आणि त्यामुळेच खुणेला निकाल समजणं धोक्याचं आहे. निकाल मानली, तर खूण नसलेल्या २३६० फ्रेम पुन्हा कुणी उघडत नाही. पान दुमडल्यासारखी वापरली, तर रात्रीच्या आवृत्तीची गरज चाळीस फ्रेममध्ये भागते आणि बाकीच्या पाहायला दुसरी सकाळ मोकळी राहते. ती सकाळ हा या रीतीचाच भाग आहे. दुमडलेली पानं वाचून झाली तरी पुस्तक वाचायचं उरलेलंच असतं.